उचललेल्या ओझ्याचे विज्ञान

पाठीवर ५० किलोचे पोते घेऊन बाजाराच्या सपाट आवारातून शंभर मीटर चालत गेलेल्या हमालाने त्या पोत्यावर किती कार्य केले? पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकातील व्याख्या लावली, तर या प्रश्नाचे उत्तर 'शून्य' असे येते. घामाने निथळणाऱ्या माणसाला हे उत्तर सांगितले तर तो विज्ञानालाच वेड्यात काढील! तरीही उत्तर चुकीचे नाही. व्यवहारातील 'काम' आणि विज्ञानातील 'कार्य' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील फरक समजला की, इमारतीवरून पडणारी वीट इतकी घातक का ठरते, डोंगरावर चढवलेल्या पाण्यातून वीज कशी मिळते आणि पोत्याचे वजन किती असावे हा वाद ज्यूलच्या हिशेबाने का सुटत नाही, या प्रश्नांचाही उलगडा होतो.

कार्य म्हणजे काय?

वस्तूवर लावलेले बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले वस्तूचे विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. डोक्यावरचे पोते पेलून धरणारे बल खालून वर, म्हणजे उभ्या दिशेने असते. सपाट जमिनीवरून चालताना पोते सरकते ते आडव्या दिशेने. बलाच्या दिशेने विस्थापनच नसल्यामुळे कार्यही शून्य ठरते. मात्र तेच पोते जमिनीवरून दीड मीटर उंच उचलले की हिशेब बदलतो. ५० किलो वस्तुमान, गुरुत्व त्वरण ९.८ आणि उंची १.५ मीटर यांचा गुणाकार ७३५ येतो. म्हणजेच पोते उचलताना ७३५ ज्यूल कार्य होते.

ही कल्पना जन्माला आली तीच मुळी ओझी उचलण्याच्या व्यवहारातून. अठराव्या शतकात इंग्लंडमधील खाणींत साचणारे पाणी उपसण्यासाठी वाफेची इंजिने बसवली जात. कोणते इंजिन सरस, हे ठरवण्यासाठी ठराविक कोळशात किती वजनाचे पाणी किती उंच चढले, याचे मोजमाप होऊ लागले. जेम्स वॉटने याच पद्धतीने घोड्याची ताकद मोजली. एका मिनिटात ३३ हजार पौंड वजन एक फूट उचलण्याची क्षमता म्हणजे एक अश्वशक्ती, म्हणजेच सुमारे ७४६ वॅट. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार कोरिऑलिस याने १८२९ साली या राशीला 'कार्य' या अर्थाचा फ्रेंच शब्द योजला. 'स्थितिज ऊर्जा' ही संज्ञा स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने १८५३ साली रूढ केली.

उचलताना नेमके काय घडते?

पोते उचलताना त्यावर एकाच वेळी दोन बले कार्य करीत असतात. हमालाचे बल वरच्या दिशेने आणि गुरुत्वाकर्षणाचे बल खालच्या दिशेने. हमालाने केलेले कार्य ७३५ ज्यूल धन, तर गुरुत्वाकर्षणाचे कार्य तेवढेच, परंतु ऋण. दोहोंची बेरीज शून्य. कार्य-ऊर्जा प्रमेयानुसार सर्व बलांनी मिळून केलेले एकूण कार्य हे वस्तूच्या गतिज ऊर्जेतील बदलाइतके असते. पोते उचलण्यापूर्वी स्थिर होते आणि ट्रकच्या हौद्यात ठेवल्यावरही स्थिरच आहे. म्हणून त्याच्या गतिज ऊर्जेत बदल शून्य. हिशेब चोख जुळतो.

मग हमालाने दिलेले ७३५ ज्यूल गेले कुठे? ते पोते आणि पृथ्वी यांच्यात स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठून राहिले. अनेक विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो येथेच. 'एकूण कार्य शून्य' याचा अर्थ 'उचलणाऱ्याने काहीच कार्य केले नाही' असा नव्हे. त्याने दिलेली ऊर्जा गतीच्या नव्हे, तर उंचीच्या खात्यात जमा झाली, एवढाच त्याचा अर्थ.

हेच पोते हळूहळू उचलले किंवा झटक्यात उचलले, तरी वर ठेवेपर्यंतचे कार्य तेवढेच राहते. बदलते ती शक्ती, म्हणजे कार्य करण्याचा दर. एका सेकंदात उचलल्यास ७३५ वॅट, म्हणजे जवळपास एक अश्वशक्ती लागते. तीन सेकंदांत उचलल्यास २४५ वॅट पुरतात. फळीचा उतार वापरल्यानेही कार्य वाचत नाही. १८० किलोचे तेलाचे पिंप १.२ मीटर उंचीच्या ट्रकमध्ये सरळ उचलणे एकट्या माणसाला अशक्यच. तेच ३.६ मीटर लांबीच्या फळीवरून लोटत नेल्यास, घर्षण वगळता, सुमारे ६० किलो वजनाइतकाच जोर पुरतो. जोर तिपटीने घटतो, अंतर तिपटीने वाढते आणि गुणाकार कायम राहतो.

पडणाऱ्या विटेची किंमत

साठलेली ऊर्जा परत मिळते ती वस्तू खाली येऊ लागली की. तेच पोते दीड मीटरवरून निसटले, तर अर्ध्या उंचीवर त्याची निम्मी स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदललेली असते. जमिनीला टेकण्याच्या क्षणी संपूर्ण ७३५ ज्यूल गतीच्या रूपात असतात आणि पोत्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास पोहोचतो.

बांधकामाच्या ठिकाणी हेच गणित जीवघेणे ठरते. तीन किलोची वीट दहाव्या मजल्यावर, म्हणजे साधारण ३० मीटर उंचीवर नेली की तिच्यात ८८२ ज्यूल ऊर्जा साठते. ५० किलोचे पोते उचलण्यास लागलेल्या ऊर्जेपेक्षाही ही अधिक आहे. हवेचा अल्प विरोध सोडून दिल्यास, निसटलेली वीट खाली पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी ८७ किलोमीटर असतो. ती पाच सेंटिमीटर अंतरात थांबली असे धरले, तर तिचा सरासरी आघात सुमारे १७ हजार ६०० न्यूटन, म्हणजे १,८०० किलो वजनाच्या दाबाएवढा होतो.

हेल्मेटमधील अस्तर थांबण्याचे अंतर काहीसे वाढवते आणि आघात कमी करते. किरकोळ उंचीवरून पडणाऱ्या वस्तूंपासून त्यामुळे जीव वाचू शकतो. परंतु ३० मीटरवरून येणाऱ्या विटेपुढे ते अपुरे पडते. यासाठीच मजल्यांच्या कडेला फळ्या, इमारतीभोवती जाळ्या आणि खाली प्रवेशबंदीचा पट्टा यांना पर्याय नाही.

डोंगरावर साठवलेली वीज

परत मिळणारी हीच ऊर्जा उपयोगातही आणता येते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर असलेला घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण. २००८ साली कार्यान्वित झालेल्या या प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॅट आहे. त्याचा वरचा जलाशय घाटमाथ्यावर, तर खालचा जलाशय ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहे. दोहोंच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा तीच यंत्रे पंप होऊन पाणी वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीजनिर्मिती केली जाते.

एक हजार लिटर पाणी ४०० मीटर उंच चढवले की त्यात सुमारे ३९ लाख ज्यूल, म्हणजे एका युनिटहून किंचित अधिक ऊर्जा साठते. अशा प्रकल्पांत पाणी चढवण्यास खर्ची पडलेल्या विजेपैकी साधारणपणे ७० ते ८० टक्के वीज परत मिळते; उरलेली घर्षण आणि उष्णतेत जाते. सूर्य मावळल्यावर सौरवीज थांबते, तेव्हा असा साठा कामी येतो.

शहरी वाचकाच्या घराजवळही हाच प्रयोग रोज घडतो. गृहनिर्माण सोसायटीच्या गच्चीवरील ३० मीटर उंच टाकीत दहा हजार लिटर पाणी चढवण्यास किमान ०.८ युनिट ऊर्जा लागते. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के असल्यास मीटरवर त्याच्या दुप्पट नोंद होते.

हमालाच्या श्रमाचे काय?

दहा टनांचा ट्रक भरायचा, तर ५० किलोची २०० पोती उचलावी लागतात. प्रत्येकी ७३५ ज्यूल धरल्यास एकूण कार्य १ लाख ४७ हजार ज्यूल, म्हणजे अवघे ३५ किलोकॅलरी भरते. एका भाकरीतून याहून कितीतरी अधिक ऊर्जा मिळते. मग एका भाकरीवर ट्रक भरता यायला हवा!

तसे होत नाही, कारण ३५ किलोकॅलरी हा पोत्यांना मिळालेल्या ऊर्जेचा हिशेब आहे, शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेचा नव्हे. स्नायूंची कार्यक्षमता अनुकूल स्थितीतही साधारण २० ते २५ टक्केच असते. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. प्रत्येक वेळी वाकून उठताना हमाल पोत्याबरोबर स्वतःचे धडही उचलतो. ओझे नुसते पेलून उभे राहिले तरी स्नायूंतील तंतू सतत आकुंचन पावत राहतात आणि त्यासाठी ऊर्जा जळतच राहते. पोत्यावरील कार्य शून्य असले, तरी शरीरातील खर्च शून्य नसतो. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून पुण्यात हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हा उपक्रम सुरू केला, त्यामागील गरज शास्त्रीयदृष्ट्याही खरी आहे.

ज्यूलच्या हिशेबाची दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. १०० किलोचे एक पोते उचलणे आणि ५० किलोची दोन पोती एकामागून एक उचलणे, यांत पोत्यांवर होणारे कार्य अगदी समान, १,४७० ज्यूल. मात्र पहिल्या प्रकारात पाठीच्या कण्यावर एका वेळी येणारे ओझे दुप्पट असते. मणका निकामी होतो तो बलामुळे, एकूण ज्यूलमुळे नव्हे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत कार्याची नव्हे, तर वजनाची मर्यादा घातली. प्रौढ पुरुष कामगाराने एका वेळी वाहण्याची मर्यादा ५५ किलोहून अधिक असेल, तेथे ती शक्य तितक्या लवकर त्या पातळीवर आणावी, असे त्यात म्हटले आहे.

महाराष्ट्रात माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांचा 'माथाडी' म्हणून स्वतंत्र विचार १९६९ च्या कायद्याने केला. रोजगाराचे नियमन आणि कामगारांचे कल्याण हे त्याचे उद्दिष्ट. माल किती चढला, हे ज्यूलमध्ये अचूक सांगता येते. एका माणसाने एका वेळी किती ओझे उचलावे आणि त्याला मोबदला काय मिळावा, हे ठरवताना मात्र त्याच्या कण्यावरचे बल आणि शरीराचा खरा खर्च हेच विचारात घ्यावे लागतात.