वारीचा रस्ता: पायवाटेपासून महामार्गापर्यंत

तर मंडळी, आज वारीकडे आपण भक्तीच्या अंगाने नाही, रस्त्याच्या अंगाने बघूया. ‘पर्यावरणपूरक यात्रा’ हा शब्द नवा आहे, प्रश्न जुनाच. लाखो माणसं एका गावाकडे निघाली तर वाटेतल्या गावांचं आणि नदीचं काय होतं?

१६८५ मध्ये तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. शिंद्यांच्या पदरी राहिलेला माणूस, लष्कर बघितलेला. दिंड्यांचा क्रम ठरला, विसावे ठरले, मुक्काम ठरले. आता यातली गंमत बघा. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर गर्दी रोज पुढे सरकते. एका गावावर एक रात्र, क्वचित दोन. पाणी, सरपण, जेवण, सगळा भार वाटला जातो. पानांच्या पत्रावळी मागे राहिल्या तरी मातीत मिसळायच्या. हैबतबाबांनी पर्यावरणाचा विचार केला होता असं मी म्हणणार नाही. पण चालणं हीच एक व्यवस्था होती.

ती व्यवस्था कोलमडते पंढरपुरात, कारण तिथे सगळे एकदम थांबतात. पटकीच्या साथींनी एकोणिसाव्या शतकात हे दाखवून दिलं होतं. त्यात १९०६ मध्ये बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरला पोचली, आणि न चालता येणाऱ्यांची भर पडली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. आता आषाढीला चंद्रभागेत पाणी हवं तर ते वरून सोडावं लागतं. वाळवंटातली घाण मात्र वर्षानुवर्षं माणसंच हाताने उचलत होती. भक्तीच्या गोष्टीत ही माणसं कधी येत नाहीत. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, वाळवंटातल्या तंबू-राहुट्यांवर बंधनं आली, आणि दिंड्यांसाठी नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ उभा राहिला. फिरती शौचालयं त्याच काळात सोहळ्याबरोबर चालू लागली.

आणि आता पालखी महामार्ग. चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी आखली, ते चांगलंच झालं. पण रुंदीकरणात रस्त्याकडेचे जुने वड गेले. रोपं लावतात, मान्य. वडाच्या रोपाखाली दिंडी बसायला एक पिढी जावी लागते. दुपारचा विसावा कुठे पडतो, हे विणेकऱ्यांना विचारून मग नकाशा काढला असता, तर यातली काही झाडं वाचली असती असं मला वाटतं.