यंत्रमानवाच्या हाती रुग्णाचा हात

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा हलता व्हावा, यासाठी एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. त्यात भौतिकोपचारतज्ज्ञ थकतो, यंत्र थकत नाही. याच विचारातून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत नेव्हिल होगन, हर्मानो इगो क्रेब्स आदी संशोधकांनी 'एमआयटी-मॅनस' हे यंत्र विकसित केले. १९९० च्या दशकात त्याच्या रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या.

रुग्णाचा हात यंत्राच्या दांड्याला बांधला जातो आणि समोरच्या पडद्यावरील ठिपक्याकडे न्यायचा असतो. तो आपणहून नेता आला, तर यंत्र केवळ सोबत करते. अडखळला, तरच मदतीला येते. रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न येथे कळीचा आहे, कारण नुसता ओढून नेलेला हात फारसे काही शिकत नाही.

निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. अमेरिकेत १२७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६ आठवड्यांनंतर यंत्रोपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले. पण तज्ज्ञाने तितकाच कसून व्यायाम करून घेतलेल्या रुग्णांना ते मागे टाकू शकले नाहीत. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या, २०१९ मधील चाचणीत हाताचा लुळेपणा काहीसा कमी झाला. रोजची कामे मात्र त्यामुळे सोपी झाली नाहीत.