जयपूर : चोवीस तासांत निसटणारा गुन्हा

हा कुणा एका मुलाचा दिवस नाही. भट्टा बस्तीसारख्या वस्त्यांतल्या बांगडी कारखान्यांवर छापा पडल्यानंतर खटला कुठे कुठे निसटू शकतो, त्याचा हा घटनाक्रम आहे.

सकाळी 10. उरले 24 तास.
कोंदट खोलीत बिहारची मुले लाखेच्या बांगड्यांवर खडे चिकटवताना सापडतात. गावात दलालाने आईबापाच्या हाती थोडी उचल ठेवलेली असते. इथून पुढे चोवीस तासांत मुलांना बालकल्याण समितीपुढे हजर करायचे आहे.

दुपारी 2. उरले 20 तास.
मालक सांगतो, "पोरं नात्यातलीच आहेत." शाळेची वेळ सोडून घरच्या, बिनधोक्याच्या धंद्यात हातभार लावायची मुभा 2016 च्या दुरुस्तीने दिली, त्यातल्या कुटुंबाच्या व्याख्येत काका-मामाही बसतात. हे नाते कागदावर तपासले नाही, तर पळवाट तयार.

संध्याकाळी 5. उरले 17 तास.
पोलिस ठाण्यात कलम ठरते. नुसते बालमजुरीचे कलम लावले, तर सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. दंडावर सुटला, तर मालक तो धंद्याच्या खर्चात धरतो. भारतीय न्याय संहितेचे कलम 143 लावले, तर एकाहून अधिक मुलांच्या तस्करीला किमान 14 वर्षे, कमाल जन्मठेप.

रात्री 9. उरले 13 तास.
उचलीपोटी राबणे ही वेठबिगारी; तीतून मुक्ततेचे प्रमाणपत्र प्रशासनाने द्यायचे असते. त्याने उचलीचे कर्ज कायद्याने रद्द असल्याचा पुरावा हाती येतो, तातडीचे 30 हजारांपर्यंत आणि पुढे मुलासाठी दोन लाखांपर्यंतच्या पुनर्वसनाचा मार्ग खुला होतो. सही राहिली, तर काहीच नाही.

सकाळी 10. वेळ संपली.
मुले समितीपुढे उभी आहेत. गुन्हा किरकोळ, प्रमाणपत्र नाही. ती गावी पोचतील तेव्हा दलालाच्या लेखी कर्ज तसेच असेल आणि दलालाला दार ठाऊक असेल. अनर्थ झाला तो इथे, छापा यशस्वी ठरल्यानंतर.

सक्तीच्या श्रमांतून जगभर वर्षाला 236 अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2024 चा अंदाज आहे. नफ्यासाठी होणारा गुन्हा तोट्यात घालूनच मोडतो. छाप्याच्याच दिवशी कलम 143 लागायला आणि मुक्तता प्रमाणपत्र मिळायला हवे. साक्षीसाठी मुलांना पुन्हा जयपूरला ओढायचीही गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये व्हिडिओद्वारे साक्ष घेण्याची पद्धत घालून दिली आहे. कायदा अपुरा नाही. तो पहिल्याच दिवशी पुरा वापरा.