स्थिर झालेला टब : एका गैरसोयीचा इतिहास

स्नानगृहाचे नूतनीकरण करावे, मोठ्या हौसेने नवा टब बसवावा, आणि पहिल्याच स्नानात असे आढळावे की त्यात पाठ नीट टेकत नाही, छाती बुडवावी तर गुडघे पाण्याबाहेर येतात आणि गुडघे बुडवावे तर खांदे उघडे पडतात. ही युरोप व अमेरिका येथील गृहस्थांची परिचित तक्रार आहे. अशा वेळी दोष बहुधा खरेदी करणाराच्या घाईला किंवा विकणाराच्या चातुर्याला दिला जातो. दोन्ही कारणे प्रसंगोपात्त खरी असतील. परंतु एकच तक्रार इतक्या भिन्न माणसांच्या तोंडून इतक्या सारख्या शब्दांत ऐकू येते, तेव्हा तिचे मूळ व्यक्तीच्या चुकीत न शोधता वस्तूच्या घडणीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. टब जोवर हलता होता तोवर त्याला देहाशी जुळवून घ्यावे लागत होते. तो भिंतीत स्थिर झाल्यावर देहाला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम नावांचा विचार करू. कारण वस्तू बदलली तरी नावात तिची पूर्वावस्था पुष्कळदा शिल्लक राहते. इंग्रजीतील ‘टब’ हा शब्द मध्ययुगीन डच व नीच जर्मन बोलींतील ‘टुब्बे’ ह्या शब्दाशी संबद्ध असून त्याचा मूळ अर्थ लाकडी फळ्या कड्यांनी आवळून केलेले उघड्या तोंडाचे पात्र असा होता. त्यात धान्य, लोणी, मद्य किंवा पाणी काहीही राही. जर्मन भाषेत स्नानपात्राला ‘बाडेवान्ने’ म्हणतात. त्यातील ‘वान्ने’ हा शब्द लॅटिन ‘वान्नुस’ म्हणजे धान्य पाखडण्याचे सूप ह्यापासून आलेला आहे. म्हणजे ह्या दोन्ही भाषांत स्नानपात्राचे नाव कोठारातून किंवा खळ्यावरून आले. मूळ वस्तू दुसऱ्याच कामाची होती, देह तिच्यात मागाहून बसला, असे ही नावे सुचवितात.

ग्रीक भाषेची साक्ष ह्याहून पुरातन आहे. होमरच्या काव्यांत स्नानपात्रासाठी ‘असामिंथॉस’ असा शब्द येतो. त्यातील ‘-इंथॉस’ हा अंत्यभाग ‘कॉरिंथॉस’, ‘लाबिरिंथॉस’ ह्या शब्दांतही दिसतो आणि तो ग्रीकपूर्व भाषेचा अवशेष मानला जातो. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस ह्याने ‘लिनिअर बी’ लिपीचा उलगडा केल्यानंतर क्नोसॉस येथील लेखात ‘अ-स-मि-तो’ ह्या रूपात हाच शब्द ओळखता आला. ग्रीकांनी वस्तू आणि नाव ही दोन्ही आपल्याआधीच्या लोकांकडून उचलली असावीत, असा तर्क त्यावरून करता येतो. ‘ओडिसी’च्या तिसऱ्या सर्गात पायलॉसच्या नेस्टर राजाच्या घरी टेलेमॅकसला स्नान घातल्याचे वर्णन आहे, आणि त्याच पायलॉस येथे कार्ल ब्लेगन ह्यांच्या उत्खननात मातीच्या बैठकीत पक्का बसविलेला भाजलेल्या मातीचा टब सापडला. त्याच्यापुढे चढण्यासाठी पायरी आहे आणि खोलीच्या कोपऱ्यात पाण्याचे मोठे रांजण आहेत.

हा टब आखूड आहे. त्यात पाय पसरून निजता येत नाही. परंतु त्याला गैरसोयीचा म्हणणे योग्य होणार नाही. ‘ओडिसी’च्या दहाव्या सर्गात सर्सीची दासी नायकाच्या मस्तकावर व खांद्यांवर कोमट पाणी ओतते. स्नान करणारा बसत असे आणि पाणी वरून येत असे. पात्र मुख्यतः बसण्यासाठी व पडलेले पाणी सामावण्यासाठी होते. पात्राचा आकार आणि स्नानाची रीत ह्यांत तेथे विसंगती नव्हती. टबाची सोय किंवा गैरसोय ही केवळ लांबीरुंदीवर ठरत नाही, ती त्या मापाच्या स्नानरीतीशी असलेल्या संबंधावर ठरते, हा मुद्दा पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

मध्ययुगीन युरोपातील लाकडी टबातही हीच संगती आढळते. फळ्यांच्या कुसळांपासून अंगाचे रक्षण व्हावे म्हणून त्यात कापड अंथरीत. टब चुलीजवळ आणीत, पाणी घागरींनी भरीत, काम झाले की तो बाजूला ठेवीत. पुढे तांब्याचे व पत्र्याचे टब आले तेव्हा हलतेपणामुळे आकारांत मोठे वैविध्य आले. फ्रान्समध्ये ‘साबो’ म्हणजे लाकडी बूट ह्या नावाने ओळखला जाणारा टब होता. त्याचे तोंड लहान असे, पाय बुटाच्या पुढच्या भागात जात, पाठीला उभा आधार मिळे आणि पाणी सावकाश निवे. १३ जुलै १७९३ रोजी मारा ह्याची हत्या झाली ती त्याच्या स्नानपात्रात. त्वचारोगामुळे तो त्यात तासन् तास बसे व आडव्या फळीवर लेखन करी. त्याचा टब ह्याच जातीचा होता असे परंपरेने मानतात. त्या राजकारणाविषयी मत काहीही असो, ज्या पात्रात बसून वृत्तपत्राचा मजकूर लिहिता येतो ते पात्र पाठीला छळणारे नसले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी घरांतील कमरेपर्यंतच्या स्नानाचा टबही उंच व कललेल्या पाठीचा असे. त्याचे आकारमान लहान होते, कारण प्रत्येक घागर नोकराला जिन्यावरून वर न्यावी लागे. ह्या व्यवस्थेत श्रम दुसऱ्याचे होते आणि सोय मालकाची होती, हे विसरून तिचे गुणगान करणे उचित नव्हे.

हे श्रम नळाने वाचविले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गरम पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची नळी ही दोन्ही टबाला जोडली गेली, आणि ज्या क्षणी ती जोडली गेली त्याच क्षणी टब जागचा हलेनासा झाला. त्याबरोबर त्याची धातूही बदलली. बिडाचे ओतकाम करून त्यावर एनॅमलचा मुलामा देण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील कोलर कंपनी आपल्या टबांच्या व्यवसायाचा आरंभ १८८३ सालापासून सांगते. जॉन मायकेल कोलर ह्याने घोड्यांना पाणी पाजण्याच्या व डुकरे उकळत्या पाण्यात घालण्याच्या बिडाच्या डोणीला मुलामा दिला, तिला चार पाय लावले आणि ती स्नानाचा टब म्हणून विकली, अशी ती कथा आहे. कंपन्यांनी सांगितलेल्या जन्मकथा सावधपणे घ्याव्यात हे खरे; तथापि आपला पूर्वज गोठ्यातील होता असे स्वतःच सांगण्यात कोणाची प्रौढी वाढत नाही, म्हणून ही कथा लक्षणीय वाटते. भाषांच्या साक्षीत आढळलेली गोष्टच येथे पुन्हा भेटते : डोण आधी, देह मागाहून.

ह्या ठिकाणी विद्यार्थ्यांना एक इशारा देणे आवश्यक आहे. २८ डिसेंबर १९१७ रोजी एच. एल. मेंकन ह्या अमेरिकन पत्रकाराने एक लेख प्रसिद्ध करून अमेरिकेतील पहिला टब १८४२ साली सिनसिनाटी येथे बसविण्यात आला व अध्यक्ष फिलमोर ह्यांनी तो आपल्या निवासस्थानी आणविला, असे लिहिले. हा सारा वृत्तांत त्याने विनोदाने रचलेला होता आणि १९२६ साली त्याने तशी जाहीर कबुली दिली. तरीही तो पुढे कित्येक वर्षे गंभीर ग्रंथांत इतिहास म्हणून उद्धृत होत राहिला. ही कथा इतकी पटली ह्याचे एक कारण असे दिसते की, वाचकाला वस्तूचा इतिहास म्हणजे ‘पहिला कोण’ ह्या प्रश्नाचे उत्तर असे वाटते. ‘बसणाराला कसे वाटले’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपल्या विषयात खरा प्रश्न दुसराच आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत टब चार पायांवरून उतरला आणि तीन बाजूंनी भिंतीत बसला. ह्या अवस्थेत पाच फूट ही बाह्य लांबी अमेरिकेत प्रमाणभूत ठरली. स्नानगृहाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टब बरोबर बसावा, नळ्या एकाच भिंतीत याव्यात आणि तीच खोली हजारो घरांत जशीच्या तशी बांधता यावी, ही सोय त्या मापात होती. टबाच्या कडा आणि दोन्ही टोकांचे उतार वजा केले म्हणजे अशा टबाचा आतील सपाट तळ बहुधा चार फुटांनाही पुरत नाही. उंची नेहमीच्या नमुन्यांत चौदा ते सोळा इंच. आणि जादा पाणी वाहून जाण्याचे छिद्र कडेच्या बरेच खाली असल्यामुळे प्रत्यक्ष पाणी त्याहूनही उथळ. इतक्या मापात प्रौढ मनुष्याला पूर्ण निजता येत नाही आणि ताठ बसल्यास खांद्यांपर्यंत पाणी येत नाही. उंच माणसाचे गुडघे वर येतात. ठेंगण्या माणसाची अडचण उलट आहे : जेथे लांब टब बसविलेला असतो तेथे त्याचे पाय पुढच्या टोकाला टेकत नाहीत, पाण्यात देहाचे वजन हलके झालेले असते, आणि तो पुनःपुन्हा खाली घसरतो. टबात आधार केवळ पाठीचा नसतो, तो तळव्यांचाही असतो, ही गोष्ट दुकानात उभे राहून पाहणाराच्या ध्यानात येत नाही.

ह्या अवस्थेची चिकित्सा दोन ग्रंथकारांनी केलेली आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या यांत्रिकीकरणावरील ग्रंथात सिगफ्रीड गीडिऑन ह्यांनी देहाचे पुनरुज्जीवन करणारे स्नान आणि केवळ मळ धुणारे स्नान असा भेद करून, आधुनिक काळाने दुसऱ्यालाच स्नान मानले असे प्रतिपादन केले. १९६६ साली कॉर्नेल विद्यापीठातील अलेक्झांडर कायरा ह्यांनी स्नानगृहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपकरणांची घडण कारखान्याच्या व नळकामाच्या सोयीने होते, ती मानवी शरीराच्या रचनेपासून सुरू झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. वास्तुकलेतील एक उदाहरणही बोलके आहे. ल कॉर्ब्युझिए ह्याने १९२८ ते १९३१ ह्या काळात पॅरिसजवळ बांधलेल्या व्हिला साव्हाय येथील स्नानगृहात टबाशेजारी फरशांनी मढविलेली, पहुडलेल्या देहाच्या वळणाची एक बैठक आहे. देहाचे वळण कलावंताला नेमके दिसले होते. परंतु ते टबाच्या आत न जाता टबाच्या बाहेर राहिले.

येथे असा आक्षेप येईल की, आखूड टब जपानातही आहे आणि तेथे कोणी कुरकुर करीत नाही. हा आक्षेपच आपल्या मुद्द्याला पुष्टी देतो. जपानी रीतीत अंग टबाबाहेर धुऊन घेतात आणि नंतर खोल पाण्यात गुडघे दुमडून, ताठ बसतात. पाणी खांद्यांपर्यंत येते. तो टब आखूड आहे, पण उथळ नाही. तेथे मापाने आणि रीतीने एकमेकांशी करार केलेला आहे. पाच फुटी टब निजण्याचे आश्वासन देतो आणि बसण्याची जागा देतो. विसंगती आहे ती ह्या दोहोंत.

आपल्या भाषेची साक्ष ह्या संदर्भात अप्रस्तुत ठरू नये. मराठीत आपण ‘अंगावर पाणी घेतो’. घंगाळ हे पाणी ठेवण्याचे पात्र, तांब्या ते घेण्याचे, पाट किंवा चौरंग बसण्याचा आणि मोरी पाणी वाहून जाण्याची. देह ह्यांपैकी कोणत्याही पात्रात शिरत नाही. पाण्यात शिरण्यासाठी ‘डुंबणे’ हे क्रियापद आहे, पण ते नदीचे आणि विहिरीचे आहे, न्हाणीघराचे नव्हे. म्हणूनच ‘टब’ हा शब्द मराठीने जसाच्या तसा घेतला. त्याला जोडीचे क्रियापद मात्र घडले नाही. आज शहरांतील नव्या घरांत जेथे टब येतो तेथे वस्तू आली तरी रीत येतेच असे नाही, आणि ती न आल्यास टब बादली ठेवण्याची जागा होऊन बसतो.

अलीकडच्या काळात बिडाचे बंधनही राहिलेले नाही. ऍक्रिलिकसारख्या द्रव्याला हवे ते वळण देता येते आणि भिंतीपासून सुटे टबही पुन्हा प्रचारात आले आहेत. तरीही तक्रार संपलेली नाही. कारण सुटा दिसणारा टबही नळ्यांनी जमिनीशी बांधलेलाच असतो, आणि त्याची निवड बहुधा कोरड्या दालनात, उभ्याने आणि डोळ्यांनी होते. पाठ, मान आणि तळवे ह्यांना मत देण्याची संधी मिळते ती फरशा बसून गेल्यावर. जुन्या गृहस्थाला न आवडलेला टब अडगळीत टाकता येत असे. आजच्या गृहस्थाला त्यासाठी भिंत फोडावी लागते. पश्चात्तापाची तीव्रता वाढली आहे ती ह्या अपरिवर्तनीयतेमुळे.

आणि हा प्रश्न केवळ चैनीचा नाही. वय वाढते तशी ओलांडावयाची कड उंच वाटू लागते आणि टेकण्याचा उतार निसरडा होतो. ज्या घरात दुसरी सोय नसते तेथे वृद्ध माणूस अखेरीस स्नानाचा आनंदच सोडून देतो. इतिहासलेखनात वस्तूची माती, धातू, कारखाना आणि किंमत ह्यांची नोंद होते. ती वापरणाऱ्या देहाची नोंद सहसा होत नाही. पायलॉसच्या टबापुढील पायरी मात्र अजून जागेवर आहे. ज्याने ती घातली त्याने चढणाराच्या गुडघ्याचा विचार केला होता.