‘हिकाये’ : लोककथेचे संकलन आणि निवेदिकेचे स्थान

पॅलेस्टिनी लोककथांचे संकलन दीर्घकाळ कथेव्यतिरिक्त अन्य कशाच्या तरी शोधार्थ होत राहिले. हान्स श्मिट आणि पाउल काले या जर्मन अभ्यासकांनी बीरझेत गावच्या शेतकऱ्यांकडून मिळवलेल्या कथा १९१८ व १९३० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाल्या. त्यांतील बोलीची नोंद मोलाची आहे. परंतु तत्कालीन युरोपीय दृष्टीला पॅलेस्टाईनमधील शेतकरी हा बायबलचे जिवंत भाष्य वाटत असे. तो साक्षीदार होता, कर्ता नव्हे. जेरुसलेमचे डॉक्टर तौफीक कनआन (१८८२–१९६४) यांनी पीरस्थाने, ताईत, झऱ्यांतील भुते यांवर लिहिले ते मात्र लोप पावणाऱ्या स्वदेशीय जीवनाच्या आस्थेने. तरीही बायबलशी साम्ये दाखविण्याची चौकट त्यांनाही सोडवली नाही.

१९४८ मध्ये शेकडो गावे ओस पडली आणि लोकवाङ्मयाचे प्रयोजनच बदलले. आता ते हरवलेल्या भूमीवरील हक्काचा पुरावा ठरले. अल्-बीरे येथील ‘इनआश अल्-उस्रा’ या स्त्रियांच्या संस्थेने १९७४ पासून लोकपरंपरेला वाहिलेले नियतकालिक चालविले ते याच जाणिवेतून. ही जाणीव समर्थनीय होती, अपरिहार्यही होती. पण राष्ट्राला जी कथा हवी होती ती आणि घरात सांगितली जाणारी कथा एकच होती काय?

‘हिकाये’ हा मुख्यतः वयस्क स्त्रियांनी हिवाळ्याच्या रात्री स्त्रिया व मुले यांना सांगण्याचा प्रकार. (मराठीतील ‘हकीकत’शी त्याचे साम्य केवळ ध्वनीपुरते, या शब्दाच्या अरबी धातूत कथनाबरोबर अनुकरणाचाही अर्थ आहे.) पुरुषांच्या बैठकीत अबू झैद अल्-हिलालीचे वीराख्यान चाले, हिकाये म्हणजे म्हाताऱ्यांच्या गोष्टी. तिच्यात भूमी आणि शत्रू क्वचितच येतात. येतात त्या सवती, सासवा, भावाची बायको, घुली राक्षसीण. एका कथेत निपुत्रिक स्त्री देवाकडे मुलगी मागते, मग ती स्वयंपाकाचे भांडे का असेना! तिला भांडेच मिळते, आणि ते घरंगळत बाहेर जाऊन परक्यांचा ऐवज घेऊन परतते. अभाव, वात्सल्य आणि चोरी यांची ही बेधडक सरमिसळ कोणत्याही राष्ट्रीय प्रतीकात सहज बसणारी नाही.

शरीफ कनाअना आणि इब्राहिम मुहावी यांचे महत्त्व येथे आहे. गॅलिली, पश्चिम किनारा व गाझा येथे ध्वनिमुद्रित केलेल्या कथांतून त्यांनी निवडलेल्या पंचेचाळीस कथा १९८९ मध्ये इंग्रजीत आल्या. व्यक्ती, कुटुंब, समाज, परिसर आणि विश्व अशी त्यांची मांडणी काहीशी समाजशास्त्रीय, अंमळ जास्तच नीटस आहे. पण तिने कथेला पुन्हा तिच्या घरात नेले. २००१ च्या अरबी आवृत्तीत, ‘कुल या तैर’मध्ये, कथा बोलीतच छापल्या गेल्या. प्रमाण अरबीच्या प्रतिष्ठेपुढे हा निर्णय साधा नव्हता.

युनेस्कोने २००५ मध्ये हिकायेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, हमासप्रणीत सरकारच्या शिक्षण खात्याने हेच पुस्तक शालेय ग्रंथालयांतून काढण्याचा आदेश दिला. कथांतील लैंगिक सूचकतेचे कारण पुढे आले. निषेधानंतर आदेश मागे घेतला गेला. वारसा म्हणून गौरविलेली कथा आणि मुलांसाठी अयोग्य ठरविलेली कथा एकच होती. तिच्यातील खुपणारे शब्द त्या वृद्ध निवेदिका हिवाळ्याच्या रात्री मुलांच्या देखतच उच्चारत आल्या होत्या.