होडीमागील यंत्राचे अडखळणे : इतिहास आणि उपाय

वाचकहो, खाडीकाठी ज्यांचे आयुष्य गेले त्यांस हा अनुभव नवा नाही. होडीच्या मागील फळीस टांगलेले जुने यंत्र भर वेगात नीट चालते. परंतु वेग कमी करताच ते थरथरू लागते, मधूनच एखादा ठोका गाळते, आणि जेथे ओहोटीची ओढ सर्वांत मोठी, त्या खाडीच्या मुखाशीच नेमके बंद पडते. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम कार्बोरेटरच्या सुईकडे जातो. तो तेथे सर्वांत शेवटी जावा असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण या यंत्राच्या इतिहासातच सापडते.

होडीबाहेर टांगावयाचे पेट्रोलचे यंत्र अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०६ च्या सुमारास विक्रीस आणले. परंतु त्यास घरोघरी नेले ते ओले एव्हिनरूड यांनी. हे गृहस्थ १८७७ साली नॉर्वेत जन्मले व बालपणीच आईबापांबरोबर विस्कॉन्सिन प्रांती आले. एका उन्हाळ्यात त्यांची वाग्दत्त वधू बेस हिच्यासाठी सरोवरापलीकडून आइस्क्रीम आणण्यास ते होडी वल्हवीत गेले, आणि परत येईतो ते वितळून गेले, अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, १९०९ साली त्यांनी मिलवॉकी येथे जे यंत्र विकण्यास काढले ते दीड अश्वशक्तीचे, ६२ पौंड वजनाचे होते, आणि त्याची किंमतही ६२ डॉलरच होती.

त्या यंत्रात सिलिंडर एकच होता. एकटा पिस्टन पुढेमागे धावू लागला म्हणजे प्रत्येक ठोक्यास सारी होडी हादरे. हा हादरा मोडणे हाच पुढील काळातील कारागिरांचा मुख्य उद्योग झाला. स्वीडनमधील हुल्ट बंधूंनी दोन पिस्टन समोरासमोर बसविले. एक डावीकडे जाई तेव्हा दुसरा उजवीकडे जाई, आणि एकाचा धक्का दुसरा जिरवी. पत्नीच्या प्रकृतीमुळे १९१४ साली धंद्यातून निघालेले एव्हिनरूडही १९२१ साली परतले, ते अशाच दोन सिलिंडरांचे, ॲल्युमिनियमचे हलके यंत्र घेऊन. पुढे दोन सिलिंडर एकाखाली एक बसवून त्यांस आळीपाळीने पेटविण्याची रीत रूढ झाली.

या इतिहासातून पहिला धडा मिळतो. दोन सिलिंडरांचे यंत्र अडखळू लागले, तर बहुधा त्यांतील एक झोपलेला असतो, आणि दुसरा एकटाच १९०९ सालचे जुने हादरे देत असतो. तेव्हा तो कोणता, हे प्रथम शोधावे. यंत्र पाण्यात मंद चालवून, रबरी मुठीच्या चिमट्याने एका स्पार्क प्लगची तार काढून ती यंत्राच्या अंगास टेकवावी, नंतर दुसऱ्याची. जिची तार काढल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, त्या सिलिंडरात दोष आहे. मग यंत्र थांबवून दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजावा. एकाचा दाब दुसऱ्याहून पुष्कळच कमी भरला, तर रिंगा किंवा गॅस्केट पाहावी. तेथे सुई फिरवून काही उपयोग नाही.

दाब सारखा असेल तर ठिणगीकडे वळावे. एव्हिनरूड यांच्या पहिल्या यंत्रांस बॅटरी लागे. पुढे चक्राखालील मॅग्नेटोने ती अनावश्यक केली. परंतु मॅग्नेटोची वीज चक्राच्या वेगाने वाढते व मंदावल्याने घटते. सबब पॉइंट काळवंडलेले, कंडेन्सर निकामी झालेला वा कॉइल तडकलेली असेल, तर भर वेगात दोष झाकला जातो आणि मंद चालीत उघडा पडतो. खाऱ्या हवेत पॉइंटांवर गंज लवकर चढतो. ते स्वच्छ करून, यंत्राच्या पुस्तकात दिलेले अंतर ठेवावे; १९५० नंतरच्या अनेक अमेरिकन यंत्रांत ते ०.०२० इंच असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इलेक्ट्रॉनिक पद्धती आल्या आणि पॉइंट हळूहळू मागे पडले. जुन्या यंत्रात मात्र ते आहेतच.

त्यानंतर इंधन. आज पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉल दमट हवेतील पाणी शोषून घेते. फार जुन्या कार्बोरेटरातील बुचाचा तरंगता तुकडा शेलॅकने लिंपलेला असे. तो लेप मद्यार्काने विरघळतो, बूच इंधन पिऊन जड होते, आणि पेट्रोल वाहून जाते. जुने पेट्रोल ओतून टाकावे, टाकी व गाळणी धुवावी, रबरी नळ्या तपासाव्यात.

इतके झाल्यावरच सुईस हात लावावा. हा क्रम आम्ही सुखाने शिकलो नाही. एकदा आम्ही किनाऱ्यावर तासभर सुईच फिरवीत बसलो. आवाज थोडा सुधारला, त्यावर समाधान मानून निघालो, आणि ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी यंत्र थांबले. परतल्यावर चक्र काढून पाहिले तो दोष एका काळ्या पॉइंटात! आमची चूक याहूनही महाग पडली असती. या यंत्रात वंगणाचे तेल पेट्रोलाबरोबरच आत जाते. सुई फार आवळली म्हणजे पेट्रोलासह तेलही तुटते व पिस्टन जळतो. कार्बोरेटर शिंकू लागला तर मिश्रण कोरडे झाले असे समजून सुई थोडी उघडावी.

एव्हिनरूड १९३४ साली वारले, आणि त्यांच्या नावाच्या यंत्रांचे उत्पादन २०२० साली थांबले. तरी अनेक जुनी यंत्रे अद्याप होड्यांस लटकत आहेत, आणि समजुतीने हाताळली तर ती चालतातही. या धंद्याच्या आरंभीच्या जाहिरातींत वल्ही फेकून देण्याचा उपदेश असे. तेवढी एक गोष्ट मात्र वाचकांनी मानू नये. त्या दिवशी आम्ही घरी आलो ते वल्ह्यांनीच.