हस्तपुनर्वसन, तंत्रिकाघातोत्तर (नांदेड व लातूर जिल्हे)

तंत्रिका, म्हणजे बोलीत जिला नस म्हणतात ती, तुटल्याने, चेंगरल्याने अथवा रोगाने निकामी झाल्याने लुळा व बधिर पडलेला हात पुन्हा कामाजोगा करण्यासाठी योजिले जाणारे व्यायाम, स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार), स्पर्शशिक्षण आणि शस्त्रक्रियेनंतरचे स्नायुशिक्षण यांचा समावेश या संज्ञेत होतो. हाताच्या व्यवहाराचा भार तीन तंत्रिकांवर असतो : अल्नर गेली की करंगळी व अनामिका आत वळून ताठरतात, मीडियन गेली की अंगठा बोटांसमोर येत नाही व चिमटीत काय आहे ते उमगत नाही, रेडियल गेली की मनगट लोंबते.

गोदाकाठचा नांदेड आणि मांजरा खोऱ्यातील लातूर हे दोन्ही जिल्हे शेतीवर जगणारे असल्याने येथील इजाही शेतीच्याच असतात. कडबा कुट्टीचे पाते, सोयाबीनच्या मळणीयंत्रात ओढली गेलेली बाही, विळ्याचा किंवा कोयत्याचा निसटता घाव, यांत मनगटापाशी शिरा व स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) यांबरोबर तंत्रिकाही कापली जाते. आणि रक्त थांबले, टाके पडले, म्हणजे हात वाचला असा समज होऊन नेमकी तीच इजा दुर्लक्षित राहते.

या प्रदेशात हा विषय प्रथम कुष्ठरोगाच्या अनुषंगाने आला. निजामाच्या अमलात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, स्कॉटिश डॉक्टर इझाबेल कर यांनी निजामाबादजवळ डिचपल्ली येथे कुष्ठरुग्णालय उभारले. नांदेडवरून जाणाऱ्या लोहमार्गावरचेच ते ठिकाण होय. कुष्ठजंतू कोपरामागील अल्नर तंत्रिका सुजवून निकामी करतात, हाडामांसाला थेट कुरतडून नव्हे तर हात बधिर करून ते बोटांचा घात करतात, ही गोष्ट पुरती ध्यानात येऊन वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास स्नायुरज्जूंचे स्थानांतर करून वाकडी बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया आरंभिली, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नोशीर अंतिया यांनी ही विद्या महाराष्ट्रात रुजविली. नांदेडजवळ नेरली येथेही कुष्ठधाम आहे. कुष्ठरोगावर एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. तथापि औषधाने रोग बरा झाला तरी गेलेली संवेदना बहुधा परतत नाही, म्हणून हाताची निगा जन्मभर घ्यावी लागते.

तुटलेली तंत्रिका सांधल्यावर तिचे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात. मनगटाच्या जखमेपासून बोटाच्या टोकापर्यंत पोहोचण्यास त्यामुळे सहा महिने, तर कोपराच्या जखमेपासून तळहाताच्या स्नायूंपर्यंत दहा महिने वा अधिक काळ जातो. आणि सुमारे दीड वर्ष प्रेरणेवाचून राहिलेला स्नायू पुढे तंतू येऊन भिडले तरी सहसा जागा होत नाही. या प्रतीक्षेच्या काळात काहीच होत नाही असे रुग्णास वाटते, परंतु हात राखला जातो किंवा गमावला जातो तो याच काळात, असे या नोंदीचे ठाम मत आहे. सांधे आखडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने बोटे रोज अनेकवार हळुवार सरळ करणे, लोंबत्या मनगटास उचलून धरणारे किंवा वळलेल्या बोटांची मुळे दाबून धरणारे स्प्लिंट वापरणे, घाम न येणारी कोरडी कातडी पाण्यात भिजवून तिला तेल चोळणे, हे उपाय साधे आहेत, मात्र त्यांत खंड पडता कामा नये.

स्पर्श परतू लागला तरी मेंदूस तो प्रथम ओळखू येत नाही. त्यासाठी डोळे मिटून परातीतील ज्वारीत लपविलेले नाणे, बटण, हरभरा वा खिळा बोटांनी शोधावयाचा, ओळखावयाचा, मग डोळे उघडून ताळा पाहावयाचा. हा अभ्यास दिवसातून थोडा थोडा परंतु अनेकदा केल्याने लाभ होतो. मराठवाड्यातील गृहिणीच्या हाताची खरी कसोटी भाकरीत दिसते. पीठ मळताना बोटांचे बळ, थापताना पंजा सपाट उघडणे, तव्यावर टाकताना तोल आणि उलथताना चटका वेळीच कळणे, एवढे सारे त्या एका कामात एकवटलेले असते. बधिर हाताने तवा धरल्यास फोड आल्यावरच भाजल्याचे समजते. म्हणून अशा स्त्रीस आरंभी गार पिठावर सराव द्यावा आणि चुलीजवळ फडके किंवा सांडशी सोडू देऊ नये.

स्नायुरज्जू स्थानांतरित केल्यावर मूळचे एक काम करणारा स्नायू दुसरे काम शिकतो, व ते शिक्षण कित्येक आठवडे चालते. पेरणी किंवा सुगी आली की उपचार सोडून जाणारे रुग्ण नेमके याच टप्प्यावर गळतात. त्यांची मजुरी बुडते हे खरे आहे, तेव्हा दोष केवळ त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात व्यायामतज्ज्ञ बसविण्याची तजवीज झाली तर अशी गळती पुष्कळ थांबेल. नांदेड व लातूर या दोन्ही शहरी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मनगटाजवळ खोल जखम झालेल्याने टाके निघाल्यावर, बोटांत मुंग्या अथवा बधिरपणा उरला असल्यास, तेथे एकदा तरी हात दाखवावा.